चारही चाकं डांबरावर

डबी ब्रेंडनने बसवली. आईच्या वाढदिवसाला तो मेलबर्नहून आला, जेवणाआधीच बाहेर उन्हात गेला, तिच्या गाडीच्या पुढच्या काचेला ती चिकटवली आणि घामाघूम होऊन आत आला, अंगणात झाड लावून आल्यासारखा समाधानी.

"रस्ताही दाखवते आणि समोरचं सगळं टिपून ठेवते," तो म्हणाला. "दोन्ही एकातच."

ग्लेनिस मटणाचं रोस्ट कापत होती. "मला रस्ता दाखवते? अरे, बिरापीटला जायला रस्ताच एक आहे. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही."

"असू दे गं, आई. माझ्या जिवाला स्वस्थता."

वाढदिवस तिचा आणि स्वस्थता त्याला. पण मुलगा इतक्या लांबून आला होता, ग्रेव्ही निवत होती, तेव्हा तिने त्याच्या ताटात मटण वाढलं.

ग्लेनिस टिंडल ऐंशीच्या उंबरठ्यावरची. नवरा लेस गेला तेव्हा शेत तिने खंडाने देऊन टाकलं आणि गव्हाच्या मधोमध असलेल्या त्या पत्र्याच्या छपराच्या घरात एकटी राहिली. दुकान, डॉक्टर, गुरुवारचा बोलिंगचा क्लब, सगळं बिरापीटला, गाडीने अर्ध्या तासावर. बस म्हणाल तर शाळेची, आणि ती म्हाताऱ्यांना घेत नाही. लायसन गेलेल्या माणसाचं आमच्या मॅलीत, या गव्हाच्या मोकळ्या मुलुखात, काय होतं ते तिने पाहिलं होतं. पलीकडच्या शेतावरच्या वर्ना हॅल्सचं लायसन गेलं. त्याच हिवाळ्यात तिच्या कोंबड्या विकल्या गेल्या आणि वर्ना मेलबर्नजवळच्या वृद्धाश्रमात पोचली. तिच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या वृद्धाश्रमाची भिंत दिसते.

डबीत एक बाई होती. आवाज असा, की इंग्लंडच्या राणीची चुलत बहीण असावी. रस्ता क्षितिजापर्यंत सुतासारखा सरळ, आणि ही सांगायची, "कृपया सरळ चला."

"जाते बाई, जाते," ग्लेनिस म्हणायची. "दुसरीकडे कुठे मरायला जाऊ?"

सोबत तशी वाईट नव्हती. पण चाक डांबराखाली उतरलं की डबी टुणटुण वाजायची आणि बाई ताठ आवाजात म्हणायची, "आपण मार्गिका सोडली आहे."

आता आमच्याकडचा रस्ता म्हणजे जेमतेम दीड गाडीच्या रुंदीचा डांबराचा पट्टा, आणि दोन्ही अंगांना लाल माती नि खडी. समोरून गाडी आली की दोघांनीही डावीकडची चाकं खडीत उतरवायची. समोर ट्रक असेल किंवा कुणी मागे जड ट्रेलर ओढत असेल, तर आपली अख्खी गाडी खाली घ्यायची आणि डांबर त्याला सोडायचं, कारण जड गाडी मऊ कडेला गेली की रुतते, उलटते. जाता जाता स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचं, की समोरचाही करतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. बापाच्या शेजारी बसून पोरं आपोआप शिकतात. ब्रेंडन मात्र लहानपणीच शहरातल्या शाळेच्या वसतिगृहात गेला आणि गाडी चालवायला मेलबर्नला शिकला. त्याला आठ पदरी रस्त्यावर वाट काढता येते. या एका पट्ट्यावर वाट सोडता येत नाही.

आणि डबीला तर ते कुणीच सांगितलं नव्हतं. ती वाजायची, आणि गाडी सिग्नल मिळेल अशा ठिकाणी पोचली की प्रत्येक वाजणं मेलबर्नला ब्रेंडनच्या फोनवर जाऊन पडायचं. हे ग्लेनिसला कळलं ते त्याचा फोन आला तेव्हा.

"आई, तू रोज रस्त्याखाली जातेस."

"जाते. समोरून गाडी आली की जावंच लागतं."

"आज तर पूर्ण गाडी खडीत होती."

"समोर धान्याचा ट्रक होता रे! त्याच्या अंगावर जाऊ का?"

"प्रत्येक वेळी काहीतरी कारण असतंच तुझ्याकडे."

"ये आणि एकदा माझ्या शेजारी बस. म्हणजे कळेल."

"मी बघतो ना कॅमेऱ्यात. तुझ्या शेजारी बसल्यासारखंच आहे ते." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "हे बघ, तुला गाडी झेपत नाही असं मला लायसनच्या ऑफिसला कळवायचं नाहीये. पण मुलांनी कळवायचं असतं, तसा नियम आहे. ईस्टरपर्यंत बघू. डबी वाजली नाही, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शब्द देतो."

डबी काढून शेततळ्यात फेकावी असं तिला वाटलं. पण काढली असती तर तेही त्याला कळलंच असतं. हे सगळं ती शेजारच्या रोमाला सांगू शकली असती. रोमा आणि तिचा नवरा नेव क्रॉफर्ड, दोघांशी तिचा संसाराइतकाच जुना घरोबा. पण पोटचा मुलगा आपल्यावर पाळत ठेवतो हे सांगायला जीभ रेटेना. त्यापेक्षा तिने गाडी वेगळ्या तऱ्हेने चालवायला घेतली.

फार अवघड नव्हतं ते. डाव्या कडेला चिकटून राहायचं, वेग कमी ठेवायचा आणि चारही चाकं डांबरावर. समोरचा उतरतो. उतरावंच लागतं त्याला. बाई खूश होती, वाजत नव्हती. पहिल्यांदा असं केलं तेव्हा समोर टपालवाला होता. तो खडीतून धूळ उडवत गेला आणि त्याचं बोट अर्धवट उठून खाली बसलं. मग हळूहळू बोटं उठेनाशी झाली.

क्लबात चहाच्या वेळी रोमाने तिला कोपराने ढोसलं. "काय गं, हल्ली शहरातल्या पाहुणीसारखी गाडी चालवतेस म्हणे? लोक विचारतायत, टिंडलबाईंनी रस्ता विकत घेतला का?"

"डोळ्यांवर ऊन येतं," ग्लेनिस म्हणाली.

"मग चष्मा घे, महाराणी. आणि तो केक इकडे सरकव."

रोमा हसली. ग्लेनिसही हसली, आणि तिने केक तिच्याकडे सरकवला.

ईस्टर तोंडावर आला होता. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि कडेची माती शिऱ्यासारखी मऊ झाली होती. ग्लेनिस दुकानातून परतत होती. समोरून पिकअप आली, मागे घोड्याचा ट्रेलर. पिकअप नेवची. ट्रेलरमध्ये रोमाची घोडी असणार, गुरांच्या डॉक्टरकडे न्यायची होती तिला.

नेव रस्त्याच्या मधूनच येत होता. का येणार नाही? समोर ग्लेनिसची पांढरी गाडी त्याला लांबूनच ओळखू आली होती, आणि ग्लेनिस आजवर त्याच्या ट्रेलरसाठी खाली उतरली नाही असं कधी झालं नव्हतं. अनोळखी गाडी असती तर त्याने आधीच वेग कमी केला असता.

तिने ते सगळं पाहिलं. त्याची टोपीसुद्धा दिसली. उतर, ती स्वतःला म्हणाली. एकदाच तर वाजेल. मग वाटलं, ईस्टरला चारच दिवस राहिलेत. हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

नेवने अगदी शेवटी डावीकडे ओढली. पिकअप खडीत गेली, ट्रेलरचं चाक मातीत रुतलं, ट्रेलर पिकअपला घेऊन कलंडला, आणि ग्लेनिसला पुढचं सगळं आरशात दिसलं, उलटं आणि लहान. डबीतली बाई म्हणाली, "कृपया सरळ चला."

नेवला बाहेर काढायला ॲम्ब्युलन्सच्या माणसांना पत्रा कापावा लागला. घोडीचे पुढचे दोन्ही पाय गेले होते. जवळच्या शेतावरचा माणूस तिची सुटका करायला बंदूक घेऊन आला तेव्हा ग्लेनिस चिखलात बसून तिचं डोकं धरून होती. तिने ते सोडलं नाही. माणसाने खांद्याला धरून तिला बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात पोलीस आणि ब्रेंडन शेजारी शेजारी बसून ब्रेंडनच्या फोनवर ते चित्रण बघत होते. पोलीस तरुण होता, मोठ्या गावाहून नुकताच बदलून आलेला. ब्रेंडन रातोरात गाडी मारत आला होता. डोळे लाल, पण चेहरा उजळलेला.

"बघितलंस, आई? डबीने वाचवलं तुला."

"लिहून घे," ग्लेनिस पोलिसाला म्हणाली. "चूक माझी आहे."

"ग्लेनिस, तुम्ही डाव्या कडेला आहात," पोलीस समजुतीने म्हणाला. "वेग कमी, चारही चाकं डांबरावर. ते मधून आले आणि ऐनवेळी उतरले."

"तो मधून आला कारण समोर मी होते. त्याने माझी गाडी ओळखली. मी उतरणार हे त्याला माहीत होतं."

"मग उतरला का नाहीत?"

"डबी वाजली असती."

पोलिसाने ब्रेंडनकडे पाहिलं. ते वाक्य त्या दोघांना कसं ऐकू आलं असेल हे तोंडातून निघाल्यावर तिलाही कळलं.

"धक्का बसलाय तिला," ब्रेंडन हळूच म्हणाला.

पोलीस गेल्यावर त्याने तिच्यापुढे चहा ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसला. "ऐक. मी शब्द दिला होता. डबी वाजली नाही, विषय संपला. लायसन तुझं, गाडी तुझी. फक्त हे जे बोलतेयस ना, ते कुणाजवळ बोलू नकोस. नाहीतर मलाच प्रश्न पडेल की तुझं डोकं ठिकाणावर आहे का."

"आणि नेववर बेफिकिरीचा खटला भरला तर?"

"चित्रणात जे आहे ते आहे, आई. मी त्याला रस्त्याच्या मधून यायला सांगितलं नव्हतं."

"अरे, त्याने तुला पोहायला शिकवलं. आमच्या शेततळ्यात."

"म्हणून काय तू आपल्या अंगावर घेणार?"

ग्लेनिसने चहा संपवला. चांगला झाला होता. साखर किती लागते हे त्याला अजून आठवत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

ईस्टरनंतर नेववर खटला भरल्याचं कळलं. त्या दिवशी ती स्वतः गाडी चालवत बिरापीटच्या चौकीवर गेली. वाटेत तीन गाड्या लागल्या, तिन्ही वेळा ती खाली उतरली, तिन्ही वेळा डबी वाजली. चौकीत तिने पुन्हा सगळं सांगितलं, ब्रेंडनची अट, ईस्टरची मुदत, सगळं, आणि म्हणाली, आता लिही. पोलिसाने तिला पाण्याचा ग्लास दिला. ती पाणी पीत असताना मागच्या खोलीत जाऊन त्याने ब्रेंडनला फोन लावला.

पुढचं फार लवकर झालं. लायसनच्या ऑफिसने तिला मोठ्या गावच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. डॉक्टरीण तरुण आणि हसरी होती.

"तुम्ही त्या यंत्राशी बोलता, असं मुलगा म्हणतो."

"बोलते. ती बोलते माझ्याशी, मग गप्प बसणं बरं दिसत नाही."

डॉक्टरीण हसली नाही.

"आणि ते वाजेल म्हणून तुम्ही मित्राला वाट दिली नाहीत?"

"हो."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिचं लायसन गेलं. नेववरचा खटला मात्र कुणी मागे घेतला नाही. चित्रणापुढे डोकं फिरलेल्या म्हातारीचा शब्द कोण धरणार! ब्रेंडन येऊन गाडी घेऊन गेला. जाताना त्याने तिला घट्ट मिठी मारली आणि तो रडला. वृद्धाश्रमाची पुस्तिका टेबलावर ठेवून गेला, बळजबरी नाही म्हणाला, फक्त चित्रं बघून ठेव.

आठवड्याभराने रोमा आली. मागच्या दाराने, नेहमीसारखी, पण आत येऊन उभीच राहिली.

"किटली ठेवू?" ग्लेनिसने विचारलं.

"नको. मी गुरुवारी गावात जाते. दहाला येईन, तयार राहा."

"रोमा, मी सगळं सांगितलं त्यांना. आधी इथे, मग चौकीवर."

"कळलंय मला. अख्ख्या बिरापीटला कळलंय."

"नेव कसा आहे?"

"उजवा पाय काढला." रोमाने टेबलावरच्या पुस्तिकेकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "तो म्हणतो, तुला भोवळ आली असणार. ग्लेनिस शुद्धीवर असती तर उतरलीच असती, असं धरून बसलाय. मी भेटायला गेले की विचारतो, तिची तब्येत कशी आहे, तिला कुणी बघतंय ना."

ग्लेनिस तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "त्याला खरं सांग."

"नाही सांगणार. पाय गेलाय तेवढं पुरे आहे त्याला."

"आणि तू?"

"मी काय? तू उपाशी मरावीस असं नाही वाटत मला. बाकी काय वाटतं ते विचारू नकोस."

गुरुवारी ती आली. ग्लेनिस तिच्या शेजारी बसली. जाताना रोमा एक अक्षर बोलली नाही. त्या जागी, जिथे खडीत अजून चाकाचे चर होते, ग्लेनिसने तोंड उघडलं, तर रोमाने रेडिओ मोठा केला. येताना तसंच. घरी आल्यावर रोमाने बटाट्यांची पिशवी स्वतः उचलून आत नेऊन ठेवली, कारण ग्लेनिसचा खांदा दुखतो हे तिला ठाऊक होतं.

"पुढच्या गुरुवारी," ती म्हणाली आणि गेली.

ग्लेनिसने दूध फ्रिजमध्ये ठेवलं, बटाटे टोपलीत ओतले. मग कॅलेंडरपाशी जाऊन बघितलं, या वर्षात अजून किती गुरुवार आहेत. मोजता मोजता तिने मधेच सोडून दिलं.