वारा देणारी पवनचक्की

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं आणि आमच्या गच्चीवरची पवनचक्की गरागरा फिरत होती. खाली बल्ब लखलखत होता. बघायला अख्खी गल्ली लोटली होती.

“काय गार वाटतंय इथं!” शिंपी म्हणाला.

“कृपा, दुसरं काय!” शेजारीणबाईंनी हात जोडले.

आदल्या दिवशी ही चक्की उभारून गेलेले पवनयोगी मांडी ठोकून बसले होते. “स्वतः बनवाल तर वर्षं जातील. बाजारातली घ्याल तर घर विकाल. आमची मंतरलेली चक्की वेळही वाचवते, पैसाही. हिला वारा लागत नाही, श्रद्धा लागते!”

दादाला हे नेमकं लागलं. दोन वर्षं तो दर रविवारी पाइप कापून पाती घडवत होता. तीन झाली, तिन्ही तीन तऱ्हेची. आता त्याच्याच अंगात वारं शिरलं होतं. खिशात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे होते आणि हात खिशाकडे चालला होता. मी त्याचा हात धरला.

“दादा, जरा थांब.”

“तुला काय कळतंय? वीजबिल शून्य होईल. आईचे पैसे वर्षात परत निघतील.”

“आणि तोवर आईंनी चाचपडत फिरायचं?” जिन्यातून वहिनीचा आवाज आला. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने पात्यांसमोर रुमाल धरला आणि सोडला. रुमाल उडून थेट दादाच्या तोंडावर बसला.

“अहो, पवनचक्की वारा घेते. ही देतेय. वारा देणाऱ्याला आपण पंखा म्हणतो!”

“ताई, शंकेने शक्ती कोपते,” योगी गुरगुरले.

“कोपू दे. खांबातून आमच्या घरात गेलेली ही तार कसली?”

“ती भूमिनाडी.”

वहिनीने खाली जाऊन मेन स्विच पाडला. भूमिनाडी बंद पडली, पाती थबकली, बल्ब विझला, आणि कृपेत बसलेल्या मंडळींना एकदम उकडायला लागलं. शिंप्याने चक्कीमागचा डबा उघडला. आत मोटर होती, आमच्याच विजेवर चालणारी. तोवर योगी जिना उतरून पसार झाले होते.

दादा खजील होऊन म्हणाला, “मग माझी मीच पुरी करतो.”

“करा की. पण आधी काठीला फडकं बांधून बघा, इथे वारा येतो तरी का. चारी बाजूंनी उंच घरं आहेत.”

मंडळी, घरी पवनचक्की करायची तर वेळ द्यावा लागतो, नाहीतर पैसा, आणि वारा तर लागतोच. यातलं काहीच नको म्हणणारा भेटला, तर आधी खिसा सांभाळा, मग तार शोधा. हात जोडायची घाई करू नका.

आईचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती दादाकडे बराच वेळ बघत राहिली.

“अरे, तुझे केस कधी पिकले?”

दादाला हसू आणि रडू एकदमच आलं.