मागची सीट नसलेली गाडी

कोथरूडच्या त्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, आणि यज्ञेश्वरांच्या दारात गाड्या झाल्या होत्या दोन. एक त्यांची पांढरी ॲम्बॅसिडर, चोवीस वर्षांची. दुसरी लाल, दोनच माणसांची, साठच्या दशकातली स्पोर्ट्‌स कार. ती त्यांच्या मुलाने, आमोदने, त्यांच्यासाठी कॅम्पातल्या एका बंगल्यातून उचलून आणली होती. हिंजवडीतल्या नोकरीने पोराचा हात सैल झाला होता. "बाबा, रविवारपर्यंत ठरवा, कुठली विकायची," एवढं सांगून तो मोकळा झाला.

रविवारी उजाडताच यज्ञेश्वर लाल गाडी घेऊन एकटेच चांदणी चौकाकडे निघाले. धुकं दाट होतं. कॉलेजात असल्यापासून ही गाडी त्यांच्या डोक्यात होती. बँकेत शिक्के मारतानासुद्धा ते मनाने हीच चालवत असत. आता ती जमिनीला इतकी लगटून पळत होती, की रस्ता अंगाखालून वाहतोय असं वाटावं. टेकड्या समोर यायच्या आणि विरून जायच्या. साठी उलटलेला हा माणूस चक्क मोठ्याने गाऊ लागला. ऐकायला होतं कोण!

परतताना मात्र मन खट्टू झालं. ॲम्बॅसिडरमध्ये अख्खं घर मावायचं, डब्यांसकट. पुढे वडील बसत, ते गेल्यावर आई. बायको पद्मजाबाई कायम मागे, मांडीवर डबा घेऊन. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्या मागचंच दार उघडत. बायकोची जागा विकून आपली हौस भागवायची? छे! लालच जाऊ दे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

फाटकाशी पद्मजाबाई उभ्याच होत्या.

"लाल विकतोय," ते म्हणाले. "तुला मागे बसायची सवय, आणि हिला मागची सीटच नाही."

"सवय कसली? सासूबाईंनंतर मला पुढे ये म्हणालं कोण?" त्या दार उघडून शेजारी बसल्या. "मागची सीट नाही ना? बरं झालं. चला आता."

गाडी पुन्हा धुक्यात शिरली. पद्मजाबाई रस्ता सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"काय बघतेस?"

"चोवीस वर्षं तुमची मान बघितली. गाडी चालवताना तुम्ही हसता, हे आजच कळलं."

यज्ञेश्वरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी गाडी गुपचूप लांबच्या रस्त्याला घातली.