रुग्णाशी नातं

असुन्सिओन शहरातल्या एका दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम सुनिल्डानं लिहिला होता. रुग्णाशी नातं काय, याला पाचच पर्याय: आई, वडील, जोडीदार, भावंड, मूल. ते तिनं थेट कोडमध्येच पक्के केले होते. सहावं नातं जन्माला यायची सोयच नव्हती.

"नाती बाहेर तक्त्यात ठेव ना, प्रोग्राम सुरू झाला की तिथून वाचेल," तिचा सहकारी डेर्लिस म्हणायचा. "दवाखान्याला हवं ते त्यांचं ते घालतील."

"घालतील तर! उद्या पहारेकरी सासूची शेळीपण घालेल."

मोठ्या दारावर सुनिल्डाचा प्रोग्राम होता; डेर्लिसनं हट्टानं बाळंतिणींच्या दाराला आपला बसवला. वर्षभरात तिथल्या तक्त्यात ‘शेजारीण’, ‘नुसताच बसणारा’ आणि ‘रस्सा आणणारी’ ही नाती जमा झाली. सुनिल्डानं ती बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले, आणि सोमवारपासून त्या दारालाही तिचाच प्रोग्राम लावायचं ठरलं.

त्याआधीच्या शनिवारीच सुनिल्डाचं अपेंडिक्स फुटायला आलं आणि तिला त्याच दवाखान्यात आणलं.

ऑपरेशनआधी तिला एकच माणूस जवळ हवं होतं: धर्ममाता न्या देओलिंदा; ‘न्या’ म्हणजे तिकडे मानानं ‘बाई’. बाप्तिस्म्याला हिनंच तिला हातांवर धरलं होतं, आणि आई गेल्यावर हिनंच वाढवलं. म्हातारी मोठ्या दारात अडकली होती. तिच्या फोनवरून सुनिल्डाला सगळं ऐकू येत होतं.

"आजी, ‘आई’ म्हणा आणि सुटा," पहारेकरी म्हणाला.

"तिची आई वरून बघतेय. तिच्या जागेवर मी बसू होय रे?"

सुनिल्डानं कण्हतच डेर्लिसला फोन लावला. "धर्ममाता घाल. आत्ता."

"कोड बदला, तपासा, दोघांच्या सह्या घ्या... बुधवार उजाडेल. नियम तुझाच आहे, बाई."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"डेर्लिस, मला भीती वाटतेय रे."

त्यानं विचारलं, "म्हातारीच्या हातात काय आहे?"

"वोरी. कोंबडीचा रस्सा. ती रिकाम्या हातानं कधी कुठे गेलीय?"

"मग तिला बाळंतिणींच्या दारानं पाठव. तिथे अजून माझाच तक्ता आहे, आणि आत दोन्ही दारांची वाट एकच होते."

थोड्याच वेळात न्या देओलिंदा खाटेपाशी आली. रस्सा प्यायला बंदी होती. सुनिल्डा गरम डब्याला हात लावून ढसाढसा रडली. म्हातारीच्या छातीवर पासाची चिठ्ठी चिकटवलेली होती. रुग्णाशी नातं: रस्सा आणणारी.

सुनिल्डानं ती पुन्हा वाचली. चूक सापडली नाही.