भरल्या डब्याचा आवाज

फटीत अडकलेलं नाणं आत जाईना आणि बाहेरही येईना — दुधाच्या पावडरीचा तो पत्र्याचा डबा, झाकणावर नवऱ्याने, राजदीपने, स्क्रूड्रायव्हर ठोकून पाडलेली वाकडी फट, आणि तिच्या कडेशी तिरकं बसलेलं दहाचं नाणं. सपनाने अंगठ्याने दाबून पाहिलं. पत्रा बोटाला लागला. ‘म्हाताऱ्या माणसाला इर्षा लावू नये गं. तरुण माणूस दमलं की थांबतं, म्हातारं थांबत नाही’ — सुनंदाबाई म्हणाल्या होत्या, मागच्या दिवाळीत, धुळ्याला, अक्कांच्या देवपूरच्या त्या बोळात, फराळाचं ताट हातात धरून. आणि सपना हसली होती. अहो काकू, इर्षा कसली, खेळ आहे, अक्कांचाही वेळ जातो...

वेळ जातो. सकाळपासून अक्का फोन उचलत नव्हत्या.

झोपल्या असतील. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला असेल, आणि अक्का बाहेर ओट्यावर लसूण सोलत असतील. डाव्या कानाने तसंही त्यांना कमी ऐकू येतं. नाहीतर मुद्दामच उचलत नसतील — मागे एकदा दिवसातून तिसऱ्यांदा फोन केला तर म्हणाल्या होत्या, “घडीघडी काय फोन करस वं, मी काय पळी जास का?” सासू असून त्या अशा बोलायच्या, मैत्रिणीसारख्या, आणि सपनाला ते आवडायचं. तिने नाणं तसंच सोडलं. कूलरसमोर प्रशील उताणा झोपला होता, मानेवर घामोळं, ओठ किंचित उघडे. दीड वर्षाचं पोर आणि जळगावचा हा वैशाख. वर गच्चीचा स्लॅब, मध्ये काही नाही. दुपारी भिंतीला हात लावला तर भिंतीलाच ताप आलाय असं वाटतं.

याच भिंतींपायी तर सगळं होतं. गेल्या बुद्ध पौर्णिमेला देवपूरला, खीर खाऊन झाल्यावर, प्रशीलचे दोन रिकामे डबे घासून ओट्यावर उलटे घातलेले होते, आणि सपनाने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं सांगितलं होतं — वर्षभराची बचत एकट्याने होत नाही, दोन-तीन महिन्यांत हुरूप जातो. जोडीदार हवा, चढाओढ हवी. एक डबा तुमचा, एक माझा. पुढच्या पौर्णिमेला दोन्ही एकदम फोडायचे. खाली, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं घर घ्यायचं भाड्याने, डिपॉझिट यातून. आणि मग तुम्ही इकडे यायचं, कायमचं. कारण इतके दिवस अक्कांचं एकच उत्तर होतं, “एक खोलीमा माले कोठे ठेवशी? माळ्यावर का?” त्या दिवशी मात्र अक्का उठल्या. डबा उचलला, पदराने आतून पुसला, आणि कमरेच्या पिशवीतून एक नाणं काढून त्यात टाकलं. तेव्हा फटसुद्धा पाडलेली नव्हती.

मग दर रविवारी सकाळी फोन. आधी अक्का डबा हलवणार, मग सपना. सुरुवातीला नुसतं खणखण... अक्का खो खो हसायच्या. “तुना डबा तं रिकामा ढोल शे वं! नवराले काही मांगत नही का?” मग नोटा पडू लागल्या तशी खणखण जाऊन खडखड झाली, खडखड जड होत गेली. भरल्या डब्याला आवाज नसतो, हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं. आपोआप ठरलं. ज्या रविवारी जिचा आवाज कमी, तिचं पारडं जड.

फेब्रुवारीत प्रशीलला ॲडमिट करावं लागलं. सलाईन, मशीनची वाफ, इंजेक्शनं... केसातल्या पिनेने सपनाने फटीतून एकेक नोट ओढून काढली होती, राजदीप बाहेर गेल्यावर, चोरासारखी — स्वतःच्याच डब्याला. त्या रविवारी हलवून पाहिला तर पुन्हा खणखण. पौर्णिमेच्या खिरीपासूनचे सगळे महिने पुसले गेलेले. आता हे अक्कांना ऐकवायचं? त्यांचा जीव जाईल, हुरूप जाईल, म्हणतील राहू दे आता, मी इथंच बरी आहे... म्हणून तिने प्रशीलचं दुपटं घेतलं, डब्याभोवती गच्च गुंडाळलं, आणि फोनपाशी धरून हलवला. धप्‌. काहीच नाही. पलीकडून अक्कांनी विचारलं,

“मी मांगे पडनू का वं?”

“पडलात की अक्का,” सपना हसून म्हणाली होती. मी हसले होते. हे मला आता का आठवावं, ते हसू, गळ्यात कसं गुदगुल्या होऊन आलं होतं ते?

“थांब. दखाडस तुले.”

तेव्हापासून दुपटं डब्यालाच राहिलं. दर रविवारी धप्‌. आणि अक्कांच्या डब्याचाही आवाज उतरत गेला, आठवड्यागणिक, इतका भराभर की सपनाला नवल वाटलं होतं — पेन्शन तेवढीच, मग कुठून? मागच्या रविवारी तर काहीच ऐकू आलं नाही. “येस का आवाज?” “नाही अक्का.” “मंग! भरी गया.” किती स्पष्ट आलं होतं ते, जणू अक्का कानाशी बसून बोलत होत्या. एरवी दोघींना ओरडावं लागायचं. तिने राजदीपला म्हटलंसुद्धा, देवपूरची रेंज सुधारली वाटतं.

लाईट गेली.

कूलर दोन गिरक्या घेऊन थांबला, आणि खोलीत एकदम सगळं ऐकू येऊ लागलं. मोरीतला थेंब. दाळमिलकडून येणारी लांबची घरघर. प्रशीलचा श्वास, नाकातून जरा शिटी वाजवणारा. बोळातल्या कुणाच्यातरी चपला. ती डब्यावर हात ठेवून बसली होती आणि ऐकत होती, आणि हा शांतपणा आपल्या ओळखीचा आहे असं तिला वाटत होतं, कुठला बरं, कुठं ऐकला... रविवारचा. फोनमधला. अक्कांच्या घरातला.

रेंज नव्हती सुधारली.

ओरडावं लागायचं ते कूलरमुळे. राजदीपने घेऊन दिलेला तो पत्र्याचा कूलर, उखळासारखा दणदणणारा, ज्याच्या आवाजात अक्कांचं निम्मं बोलणं वाहून जायचं. मार्चमध्ये होता तो आवाज. आणि मग... नव्हता. सपना डब्याचाच आवाज ऐकत बसली होती, कान देऊन, आणि दुसरा एक आवाज बंद झाला होता तो तिने ऐकलाच नव्हता.

तिने सुनंदाबाईंना फोन लावला. त्या अक्कांच्या शेजारच्याच.

“अगं मी तर दीपनगरला, पोरीच्या बाळंतपणाला. काय झालं?”

“काकू, अक्का कूलर लावतात ना?”

“कुठला लावतात! महिना झाला असेल. मी बोलून थकले. म्हणतात, पौर्णिमा झाली की लावीन, सून पुढं गेलीय. वली साडी फरशीवर टाकतात नि झोपतात दुपारभर.” मग एकदम, “फोन उचलत नाहीत का?”

“नाही.”

“समोरचे लग्नाला गेलेत सगळे. तू राजदीपला पाठव. लगेच पाठव.” आणि मागं कुणीतरी लहान बाळ रडू लागलं. सुनंदाबाईंनी फोन ठेवला. दिवाळीतलं ते पुन्हा बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

राजदीपच्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. गेटवर वॉचमनने उचलला. “राजदीप? मशीनवर असेल, ताई. अर्जंट आहे का? सोडवून पाठवू?”

“नको,” सपना म्हणाली. “जेवणाच्या सुट्टीत सांगा.”

फोन ठेवल्यावर तिला कळलं की ती काय बोलली. कुणी बोललं? या महिन्यात एकही खाडा नव्हता, हजेरीचा बोनस मिळणार होता, आणि तो बोनस केव्हाच डब्यात पडून गेला होता — मनातल्या मनात, महिन्याच्या पहिल्या तारखेला. तोंडाने आपोआप त्याची राखण केली. वर्षभर तेच तर शिकवलं होतं तोंडाला. नको. राहू दे. पुढच्या महिन्यात बघू. भाजी तीच करते. चपलेला टाका घालून घेते... इतकं चांगलं शिकलं ते की विचारावंसुद्धा लागलं नाही.

तिने परत गेटचा नंबर लावला. एंगेज. अक्कांचा लावला. रिंग जात राहिली — ती रिंग आता देवपूरच्या त्या खोलीत वाजत असेल, निळ्या दाराआड, ओल्या साडीशेजारी, की साडी एव्हाना वाळली असेल? पोलिसांना सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं, सासू फोन उचलत नाही म्हणून? पुन्हा गेट. एंगेज. बसला अर्धं तिकीट, बायकांना अर्धंच पडतं, म्हणजे जाऊन येऊन... आणि ती थबकली. पुन्हा. आताही. मोजणं थांबत नव्हतं. नळ बंद केला तरी पाईपात उरलेलं पाणी गळत राहावं तसं.

प्रशील उठून रडू लागला. डॉक्टर म्हणाले होते, दुपारचं बाहेर काढू नका त्याला. तिने डब्याभोवतीचं दुपटं सोडलं. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली. ते मोरीत नेऊन भिजवलं, पिळलं, पोराच्या डोक्याभोवती गुंडाळलं. उघडा पडलेला डबा पायाला लागून आडवा झाला आणि फरशीवर घरंगळत दारापर्यंत गेला — खणखण, खणखण, खणखण. इतका आवाज. सगळ्या बोळाला ऐकू जाईल इतका.

मी निघालेय. गेटवर फोन लागला तर राजदीपही निघेल. पण बस पारोळ्याला थांबणार, मग पुढं फागणे, मग धुळं. ऊन असं आहे की डांबराला चप्पल चिकटते, आणि कडेवर हे पोर. मला वेळ लागेल. तुम्ही कुणी, हे वाचणारे, देवपुरात असाल, पांझरेच्या पुलाजवळ कुठं असाल, तर एवढं करा. पाण्याच्या टाकीमागच्या बोळात शेवटचं घर, निळं दार, दारात पत्र्याच्या डब्यात लावलेलं पिंपळाचं रोप. अक्का म्हणू नका, लिलाबाई म्हणून विचारा. नुसती हाक मारू नका, कडी वाजवा, जोरात. उजव्या कानाने ऐकतात त्या. चिडतील, “कोन शे रे?” म्हणतील. म्हणू दे. चिडल्या तर मला फार बरं वाटेल.

आणि काहीच बोलल्या नाहीत, तर दाराला कान लावा. आत कूलर वाजत नसेल तर कुणाची वाट पाहू नका, ढकला दार.

डोळे उघडले तर पाणी पाजायच्या आधी हे सांगा — सपनाचा डबा वाजतो, अक्का. दुपट्यात गुंडाळला होता, आत वाजतच होता.