चष्मेवाल्या वहिनींची जागा

ज्याचं चष्म्याचं दुकान, त्याला डोळ्याचं दुखणं वेगळं सांगावं लागत नाही, असं आपण धरून चालतो. तसं काही नसतं, मंडळी! ऐका.

चष्मेवाल्या वहिनींच्या उजव्या कानामागे, चेहऱ्याच्या नसेवर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, जीव वाचला; पण चेहऱ्याची उजवी बाजू हलेना. पापणी मिटेना, डोळा कोरडा ठाक. त्या बाजूची ओठाची कड वाळून फुटायची आणि घासागणिक पाण्याचा घोट लागायचा. थोड्या थोड्या वेळाने डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना मलम आणि वरून पट्टी. ती पट्टी रोज नवरा लावायचा. "माझ्यापेक्षा यांचा हात हलका," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या.

दुकानात त्यांची जागा पुढची, आरशाजवळची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून "काका, नवरदेव दिसायचंय की सासरा? आधी ते ठरवा!" असं म्हणणाऱ्या त्याच. आलेला माणूस हसत चष्मा घेऊन जायचा.

बऱ्या होऊन त्या पुन्हा दुकानात आल्या, तेव्हा नवरा हळूच म्हणाला, "अगं, गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्यांना बघवत नाही. काही दिवस तू मागच्या खोलीत भिंगं घास."

वहिनींना ते पटलं नाही. पण ज्याने आजारपणात एवढं केलं, त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं? त्या मुकाट मागे गेल्या.

मागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र, त्यातून उडणारी पांढरी भुकटी आणि ती घालवायला भला मोठा पंखा. न मिटणाऱ्या डोळ्यासाठी यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडली नसती! डोळा लाल झाला, दिवसभर खुपू लागला. त्यांनी सांगून पाहिलं, तर नवरा म्हणाला, "होईल सवय." आणि हाच गृहस्थ पुढे उभा राहून लोकांना सांगत होता, डोळ्यांना जपा म्हणून!

एका दुपारी त्याची आत्या चष्म्याची सैल झालेली दांडी घट्ट करून घ्यायला आली. शाळेत हेडबाई होती; निवृत्त झाली, पण आवाज अजून शाळेतलाच.

"काय रे बाळ्या, सूनबाई अजून लाजतेच का? तिला म्हणावं, आम्ही काय परके आहोत?"

"काय करू, आत्या! मी किती समजावतो. तीच म्हणते, लोकांना तोंड दाखवायचं नाही."

मागचं यंत्र तेव्हा नेमकं बंद होतं. वहिनींनी शब्द न् शब्द ऐकला. हातातलं भिंग खाली ठेवून त्या पडदा सारून पुढे आल्या.

"मी असं कधी म्हणाले?"

नवऱ्याने फडकं उचललं आणि हातातली फ्रेम पुसायला घेतली.

"तुम्ही तर म्हणालात, गिऱ्हाइकं कुरकुरतात. कोण कुरकुरलं? एकाचं तरी नाव सांगा."

तो फडक्याने पुसलेलीच फ्रेम पुन्हा पुसत राहिला. आत्याने वहिनींचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि ती चपापली. "अगं बाई, केवढा लाल झालाय हा! तुला बसवलंय तरी कुठे?" तिने आत डोकावून ती भुकटी पाहिली, तो पंखा पाहिला आणि भाच्यासमोर येऊन उभी राहिली. "खरं बोल."

"कुणीच काही बोललं नाही," तो पुटपुटला. "लोक तिच्याकडे बघायचे आणि... लाज मला वाटायची."

"केसाने गळा कापलात माझा!" वहिनींचा आवाज फाटला. "लाज वाटत होती तर तोंडावर सांगायचं. मी भांडले असते, रडले असते. पण मी न बोललेले शब्द माझ्या नावावर खपवलेत! रोज याच डोळ्याला पट्टी लावत होतात ना? तेव्हा हात कापला नाही?"

"तुझ्या भल्यासाठीच—"

"गप!" आत्या कडाडली. "भलं करायचं तर आधी तिला विचारायचं. काय सोसतं, काय नाही, ते तिला कळतं. लाज तुझी, आणि कोंडलंस तिला! उद्या हा डोळा गेला, तर कुठला चष्मा देणार आहेस?"



आत्या वहिनींना तडक डॉक्टरांकडे घेऊन गेली. बुबुळावर ओरखडे उठले होते. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. आता धूळ बंद, वारा बंद आणि बाजूने बंद असलेला चष्मा लावायचा. असले चष्मे त्यांच्याच दुकानात वरच्या फळीवर पडून होते! त्यातला एक आपल्या बायकोला द्यावा, हे त्या शहाण्याला सुचलं नव्हतं. आता त्याने तो स्वतः काढला, तिच्या मापाचा केला, देताना रडला. म्हणाला, "चुकलो. माफ कर."

"माफीचं नंतर बघू," वहिनी म्हणाल्या. "ज्याला ज्याला खोटं सांगितलंत, त्याला त्याला खरं सांगायचं. माझ्यासमोर."

डोळा निवल्यावर त्या आरशाजवळच्या जागेवर परत आल्या. पहिला आला तो नेहमीचं गिऱ्हाईक असलेला एक बसड्रायव्हर. "वहिनी, अहो, किती दिवसांनी! यांनी सांगितलं होतं, तुम्हालाच बाहेर यायला नको वाटतं."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी खोटं बोललो होतो. ती लाजत नव्हती. मी लाजत होतो."

ड्रायव्हर अवघडला. मग नवऱ्यालाच म्हणाला, "आम्ही तर वहिनींची वाटच बघत होतो हो! तुम्ही दिलेली फ्रेम घरी कुणालाच आवडली नाही."

वहिनी हसल्या, अर्ध्या ओठांनी का होईना, हसल्या! थेंब घालायची वेळ झाली होती. नवऱ्याने घाईने बाटली पुढे केली. त्यांनी ती त्याच्या हातातून घेतली, आरशात बघून, गिऱ्हाइकादेखत, स्वतःच थेंब घातला. झोपतानाची पट्टीही आता त्या स्वतःच लावतात. नवरा रोज जवळ येऊन उभा राहतो. अजून त्यांनी ती त्याच्या हातात दिलेली नाही.

मंडळी, आजारातून उठलेला माणूस आपल्या घरात, आपल्या कचेरीत परत येतो, तेव्हा त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. त्याचा चेहरा बघून लाज वाटली, तर ती लाज आपली आहे. ती त्याच्या माथी मारू नका.