अर्धी प्रदक्षिणा

घोडपदेवच्या आमच्या चाळीत पाण्याची टाकी बांधायची ठरली, ती संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. जागा म्हणे एकच, अंगणातला औदुंबर तोडून. माझ्या रोजच्या अकरा प्रदक्षिणा त्यालाच. पण माझी सून शैला सातव्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतून हंडे आणत होती, तेही बघवत नव्हतं. दत्तगुरूंपाशी मागावं तरी काय?

त्यात कॉलेजातली सुनेत्रा यायला लागली. माणसांची सोय करताना झाडं-पाखरं कशी राखावीत, हा तिचा अभ्यास. रोज सकाळी झाडावरची पाखरं मोजून वहीत मांडी. चाळीच्या मंडळाचे बाबुराव म्हणाले, "बाई, आधी तुमचा कागद बघू, मग कुऱ्हाड."

पंधरा दिवसांनी ती हरखून म्हणाली, "काकू, रोज शंभरावर पाखरं! झाड वाचलं समजा."

गप्प बसले असते तर? पण नेमानं हात जोडायचे आणि खोटं झाकायचं, हे जमेना.

"अगं, तू येतेस ती माझ्या नैवेद्याची वेळ. कावळे-चिमण्या दहीभातासाठी जमतात."

तिनं वहीची पानं दुमडली. "आठ दिवस नैवेद्य घरातच दाखवाल?"

दाखवला. आकडा एकोणीसवर आला.

बाबुराव हसले. "काकी, कावळ्यांपायी टाकी अडली असती, तर सुनेचं पाणी तेच भरणार होते काय?"

"ही एकोणीस उंबरं खायला येतात," सुनेत्रा म्हणाली. "तांबट, कोकिळा. रे रोडपर्यंत फिरले, दुसरा उंबर नाही. टाकी हवीच, पण झाडामागं घ्या. मुळं राखून बसेल. फक्त..." तिनं माझ्याकडे पाहिलं. "काकूंची फिरायची वाट जाईल."

शैला रिकामा हंडा कडेवर घेऊन उभी होती, मान खाली.

"घ्या," मी म्हटलं.

शैलाला नववा लागला तेव्हा टाकीला नळ आला. सांडपाण्याची पन्हळ झाडाला लागूनच काढली. सुनेत्रा भीतभीत म्हणाली, "काकू, नेम मोडला ना?"

"मोडेल कसा? महादेवाला तरी पुरी प्रदक्षिणा कुठं घालतो? पिंडीची पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं, आल्या वाटेनं फिरायचं."

आता रोज तशीच फिरते. पन्हळीपाशी थांबले की शैलाचा हंडा भरताना ऐकू येतो.