लिंबू आणि मिशी

"झाड आत येणार," सासूबाई म्हणाल्या आणि लिंबाची कुंडी ढकलत थेट सासऱ्यांच्या पलंगाशी घेऊन आल्या. नर्सबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, आजाऱ्याच्या खोलीत माती नको म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

फार मागे त्यांनी चहात पिळलेल्या लिंबाची एक बी डब्यात खोचली होती. इथे थंडीत नळ गोठतात, लिंबू कसलं डोंबलाचं येतंय! सासरे शिंपी, मिशी भरघोस आणि तिचा तोरा त्याहून मोठा. चारचौघांत म्हणून बसले, "या झाडाचं पिकलेलं लिंबू माझ्या हातात आलं, तर मिशी उतरवीन." झालं, बाई इरेला पेटल्या. दर हिवाळ्यात काठ्या रोवून वर जुनी चादर. कापड पानाला टेकू द्यायचं नाही आणि ऊन आलं की काढायचं. सगळे हसायचे. मीही दात काढायचे, खोटं कशाला बोलू?

यंदा पहिल्यांदाच एक लिंबू लागलं आणि यंदाच सासऱ्यांनी अंथरूण धरलं. सासूबाई त्यांच्यापाशी दवाखान्यात असताना पहिलं दंव गोठलं. माझ्या नवऱ्याने मोठ्या हौसेने झाडाला प्लास्टिक गुंडाळलं, तेही घट्ट. सकाळी टेकलेली पानं काळीठिक्कर. लिंबू आतल्या फांदीला होतं म्हणून वाचलं. घरी आल्यावर आईने ती पानं एकेक करून खुडली, ते त्याला फार लागलं.

डॉक्टरांनी सासऱ्यांना घरी पाठवलं ते आशा सोडूनच. कुंडी आत आली ती त्याच दिवशी. नवरा हळूच म्हणाला, आई, हिरवंच तोड, बाबांना बघू तरी दे.

"पैज पिकलेल्याची आहे," त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. "त्यांना थांबायला सांग."

सासऱ्यांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून मुकाट्याने पेज प्यायला लागले.

लिंबू पिवळं झालं. सासूबाईंनी ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं. बराच वेळ त्यांनी वास घेतला, मग म्हणाले, "वस्तरा आण." बाईंनी सफाईने मिशी उतरवली. मला मात्र तिथे उभं राहवेना.

आरशात बघून सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं. "असलं तोंड घेऊन मी कुठेही जात नाही. आधी मिशी येऊ दे."

थंडी सरल्यावर ते गेले. मिशी पुरती आली होती. सासूबाईंनी ती छोट्या कंगव्याने नीट विंचरली. सगळं आटोपल्यावर मला म्हणाल्या, "धर एक बाजू," आणि आम्ही दोघींनी कुंडी उन्हात नेली.